तुझे चौदा, माझे तेरा

प्रमिला,

काल मी जिऱ्याच्या डब्यात ओवा भरला. डब्यावर माझ्याच अक्षरात 'जिरे' अशी चिठ्ठी आहे, चष्मा नाकावर होता, स्वयंपाकघरात भरपूर उजेड होता, आणि तरी भरला. तू असतीस तर खुर्चीत मागे रेलून म्हणाली असतीस, "चला, एकदाची माणसांत आलीस." माझ्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांची तू आयुष्यभर थट्टा केलीस. तुझ्या घरी एकाही डब्यावर नाव नसायचं. "नाक कशाला दिलंय?" हे तुझं उत्तर. आता तू नाहीस, आणि माझ्या चिठ्ठ्यांचाही काही उपयोग होईनासा झालाय.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. हे मी तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, ईशान आणि मीरा. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मीराने विचारलं, "आजी, मग जिंकलं कोण? तू की प्रमिलाआजी?" तू दवाखान्यात होतीस तेव्हा मीच तिला आपल्या भांडणाची गोष्ट सांगितली होती, स्वतःला धीर यावा म्हणून. तिच्या मागे खिडकीत बर्फ पडत होता, माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. मी म्हटलं, लिहून पाठवते. आणि लिहायला बसले तर ते तुझ्याशीच बोलणं सुरू झालं. त्यामुळे तुला पाठ असलेल्या गोष्टीही इथे सांगाव्या लागणार आहेत. तेवढं सहन कर.

तर, मुलांसाठी. आम्ही दोघींनी जळगावच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. माणसाच्या तोंडात, घशात जंतूंची वस्तीच असते. त्यातले बरेचसे निरुपद्रवी, जन्माचे भाडेकरू. पण त्यांचाच एक अगदी जवळचा भाऊबंद आहे, न्यूमोकॉकस. तो छातीत उतरला की न्यूमोनिया करतो. पंचाईत ही, की दोघे दिसायला जवळजवळ सारखे. रक्त घातलेल्या प्लेटवर वाढवले तर दोघांभोवती तीच हिरवट छटा. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही गोल, दोघेही जांभळे. मग ओळखायचं कसं? तू वर्गात सांगायचीस ते मला अजून तुझ्या आवाजात ऐकू येतं. "दोन जुळे भाऊ पंगतीला बसलेत. कोण कोणता ते कळत नाही. एक कारलं मिटक्या मारत खातो, दुसऱ्याला कारल्याचा वाससुद्धा सोसत नाही. मग काय करायचं? नाव विचारत बसायचं नाही. दोघांच्या ताटात कारलं वाढायचं आणि कोण उठतो ते बघायचं."

आमचं कारलं म्हणजे ऑप्टोचिन नावाचं औषध. त्यात भिजवून वाळवलेली कागदाची बारीक गोल चकती मिळते. प्लेटवर जंतू सारवून घ्यायचे, वर ती चकती ठेवायची आणि प्लेट उबेत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बघायचं. तोंडातला भाडेकरू चकतीला खेटून खुशाल वाढलेला असतो. न्यूमोकॉकस मात्र मागे सरलेला असतो, आणि चकतीभोवती मोकळं वर्तुळ उरलेलं असतं. त्याला आम्ही झोन म्हणतो. प्लेट उलटी धरून मागून पट्टी लावायची आणि झोन मोजायचा. चौदा मिलिमीटर किंवा जास्त भरला तर न्यूमोकॉकस. त्याहून कमी भरला तर छातीठोक सांगता येत नाही, दुसरी चाचणी करावी लागते. हे ऑप्टोचिन आजाऱ्याला देत नाहीत. ते बरं करायला नाही, फक्त ओळख पटवायला.

इतकं साधं काम. आणि त्यावरून आपण दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत भांडलो.

सुरुवात कणकेपासून झाली, हे तरी तू मान्य करशील. या जंतूला हवेत थोडा कार्बन डायऑक्साइड जास्त लागतो. त्यासाठी आपल्याकडे काही यंत्र नव्हतं. मोठ्या काचेच्या बरणीत प्लेटा रचायच्या, वर मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि झाकण लावून टाकायचं. मेणबत्ती आपली आपण विझते, तोवर आतली हवा पाहिजे तशी झालेली असते. झाकणाच्या कडेला व्हॅसलीन फासायचं, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. त्या दिवशी व्हॅसलीन संपलं होतं, वर्ग भरलेला होता आणि तू म्हणालीस, "थांबा, कणीक मळते."

"प्रमिला, असं पुस्तकात नाही."

"पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी गहू पिकत नसेल."

भडगावला तुझ्या घरी हंडीचं झाकण कणकेने बंद करायचे, ते तुला आठवलं असणार. होस्टेलच्या मेसमधून तू कणीक आणवलीस, तिची वळी केलीस आणि झाकणाभोवती अशी सुबक चिकटवलीस की मुली टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर आंबूस वासाने वर्ग भरला. कणीक उबेत बसून आंबली होती, फुगून झाकणावरून ओघळली होती. आंबणाऱ्या पिठातून तोच वायू निघतो. बरणीतली हवा जड झाली होती आणि त्यामुळे सगळे झोन आकसले होते. आपण वर्षानुवर्षं जपलेला अस्सल न्यूमोकॉकस त्या प्लेटांवर होता, आणि मुली एकामागून एक येऊन सांगत होत्या, "मॅडम, हा न्यूमोकॉकस नाही."

मी म्हटलं, कणकेमुळे. तू एक प्लेट उचललीस, खिडकीपाशी नेलीस, पट्टी लावलीस आणि म्हणालीस, "चौदा शे."

वर्गात तू पुस्तकी मराठी बोलायचीस. 'आहे'ला 'शे' म्हणणारी घरची बोली तोंडात आली म्हणजे तू चिडली आहेस, हे मला त्या दिवशी कळलं.

"तेरा आहे. इथे बघ, कडेला धुकं दिसतंय. वाढ तिथूनच सुरू झाली."

"ते धुकं धरतेस तू? शेतात उभं पीक कुठे सुरू होतं ते बघतात, बाई. बांधावरचं गवत कोणी मोजत नाही."

"गवतसुद्धा उगवलेलंच असतं."

"मग तू गवतच मोजत बस."

मुली तोंड दाबून हसत होत्या. कणीक बाजूला राहिली आणि भांडण कडेवर आलं. झोन नेमका कुठे संपतो? जिथे पहिलं पुसट धुकं दिसतं तिथे, की जिथे दाट वाढ लागते तिथे? तुझी कड नेहमी थोडी बाहेर, माझी नेहमी थोडी आत. पट्टी तीच, प्लेट तीच, तरी तुझे चौदा आणि माझे तेरा. पुढच्या कितीतरी वर्गांना हे माहीत होतं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुली आधी चौकशी करायच्या, आज गवताच्या मॅडम आहेत की पिकाच्या.

मुलांना तुझी एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती मी तुझ्यापाशीही कधी काढली नाही. त्यांचे आजोबा गेले तेव्हाची. घर भरलेलं होतं, सगळे हळू आवाजात बोलत होते, मला कोणी काही विचारत नव्हतं, सगळे नुसते माझ्याकडे बघत होते. तू आलीस, चप्पल काढलीस, माझ्यासमोर सतरंजीवर बसलीस आणि म्हणालीस, "सोमवारच्या प्लेटचे तू तेरा कसे काय धरलेस? मी परत बघितली. चांगले चौदा आहेत." माझ्या नणंदेने तुझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी उठून गेली असती. तू हलली नाहीस. आणि मी, दोन दिवस तोंडातून शब्द न काढलेली, म्हणाले, "तू परत गवत सोडलं असशील." तू म्हणालीस, "हो, सोडलं. आता वरण-भात खा, मग बोलू." मी खाल्लं. त्यानंतर तू रोज यायचीस आणि रोज भांडायचीस. माझं सांत्वन तू एकदाही केलं नाहीस. मी तुझे आभार मानायला हवे होते, पण भांडणाचे आभार कसे मानायचे ते मला कळलं नाही, अजूनही कळत नाही.

निवृत्तीनंतर तू भाचीकडे, सुनंदाकडे, धुळ्याला राहायला गेलीस. मी जळगावला राहिले. फोन होता, एस. टी. होती. तुझा ताप आणि खोकला वाढल्याचं सुनंदाने कळवलं तेव्हा मी एस. टी. धरली, आणि एरंडोल, पारोळा मागे टाकत मनात तुला रागावत राहिले, की इतके दिवस सांगितलं का नाहीस.

दवाखान्यात तू ऑक्सिजनच्या मास्कमागे होतीस. डॉक्टरांनी औषधं सुरू केली होती. बेडक्याच्या तपासणीत काहीही निघालं तरी हीच औषधं चालणार, असं त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. म्हणजे झोन तेरा निघाला काय आणि चौदा निघाला काय, उपचारांत फरक पडायचा नव्हता. हे मी मुलांसाठी मुद्दाम लिहिते आहे. कुणाचं काही चुकलं, अशी ही गोष्ट नाही.

तुझा नमुना रोहिणीच्या लॅबमध्ये गेला होता. कणकेच्या बरणीच्या वर्गातली रोहिणी, आता धुळ्यात तिची स्वतःची लॅब आहे. तिने प्लेटच्या मागे पट्टी धरून फोटो काढला आणि माझ्या फोनवर पाठवला. का पाठवला, ते तुला माहीत. तूच तिला दम दिला होतास.

"आला का फोटो?" तू मास्क बाजूला सारलास.

"आधी मास्क लाव."

"आला का?"

मी फोन तुझ्यासमोर धरला. तू दोन बोटांनी चित्र मोठं केलंस. तुझी नखं किंचित निळसर दिसत होती, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"चौदा शे," तू म्हणालीस.

"फोटोवरून कोणी मोजतं का? पट्टी तिरकी आहे."

"बरं, तू सांग किती."

"तेरा."

तू हसलीस आणि त्यातून खोकल्याची उबळ आली. सुनंदा माझ्यावरच वैतागली. "आत्या, बोलू नका ना. मावशी, निदान तुम्ही तरी. आत्ता हे आवश्यक आहे का?"

"आहे," तू म्हणालीस. मग माझ्याकडे वळून, "चष्मा पुस आणि परत बघ, कुमुद."

मी पदराने चष्मा पुसला. परत बघितलं. "तेराच."

यावर तुझं काहीतरी उत्तर येईल म्हणून मी वाट पाहत राहिले. तू मास्क लावून घेतलास आणि माझ्या हातावर बोटाने टकटक केलंस, वर्गात मुलींचं लक्ष नसलं की आपण पट्टीने टेबलावर करायचो तसं. नंतर तू बोलण्याच्या स्थितीत राहिली नाहीस. म्हणजे आपलं शेवटचं बोलणं हे.

आणि इथे येऊन माझं डोकं चालेनासं होतं, प्रमिला. चौदा म्हणजे न्यूमोकॉकस, आपल्या वयाच्या माणसाला घेऊन जाणारा. तेरा म्हणजे कदाचित नुसता तोंडातला भाडेकरू, चुकून नमुन्यात आलेला. मग तुझा आजार दुसराच काहीतरी, दोन दिवसांत उतरणारा. मी तेरा म्हटलं. पण मी नेहमीच तेरा म्हणते. मग ते मी मोजून म्हटलं, सवयीने म्हटलं, की तू जाऊ नयेस म्हणून म्हटलं? माझी नजर कडक आहे, तिच्यात इच्छेची भेसळ होत नाही, असं मी जन्मभर समजत आले. आता त्या फोटोकडे कितीही वेळा बघितलं तरी मला सांगता येत नाही की मी काय पाहिलं होतं.

आणि तू? तुझे चौदा कुठून आले? तेही नेहमीचेच. पण तुला आतून कळलं होतं का? "चौदा" म्हणून तू मला सांगत होतीस का, की कुमुद, हा तोच आहे, मी निघाले? आणि मी "तेरा, तेरा" करत तुझा निरोप परतवून लावला का? की तू नुसती भांडत होतीस, सतरंजीवर बसून भांडली होतीस तशी, मला उभं धरायला? हे मला कळलं पाहिजे. दुसरं काही नको. पण विचारायचं कुणाला? ज्याला त्याला विचारता येतं, तुला तेवढं विचारता येत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सुनंदाच्या घरी पांढऱ्या साड्यांमध्ये बसले होते. पंचशील सुरू होतं. तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती लावलेली होती. ती पंख्याच्या वाऱ्याने मिणमिणली आणि माझ्या मनात आलं, आता झाकण लावलं पाहिजे. मग ती आंबलेली कणीक आठवली, आणि मला हसू आलं, प्रमिला. पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंनी मी रडते आहे असं समजून पाठीवर हात ठेवला. त्यामुळे खरंच रडू आलं. त्या बाईंना मी काय सांगणार होते?

कार्यक्रम उरकल्यावर रोहिणी माझ्याजवळ आली. "मॅडम, मॅडमची प्लेट अजून आहे," ती म्हणाली. तिच्या दोन्ही मॅडम एकाच वाक्यात होत्या, पण मला कळलं. "झोन धड इकडे नाही, धड तिकडे नाही, म्हणून मी नव्या प्लेटवर घेतलं होतं. दुसरी चाचणी करायची राहिली. आता तसा रिपोर्टला अर्थ नाही. टाकून देऊ का?"

टाकून देणं म्हणजे दाबाच्या वाफेत घालून मारणं. मी म्हटलं, "थांब." आणि दुसरं काहीच न सांगता जळगावला निघून आले. चाचणीने जंतू कळेल. तुझ्या मनात काय होतं ते चाचणीने कसं कळणार? आणि एकदा जंतू कळला की आपलं भांडण संपलं. ते संपवायचं होतं की ठेवायचं होतं, तेही मला ठरवता येईना. रोज सकाळी वाटायचं, फोन करून सांगावं, टाक. रोज फोन हातात घेऊन खाली ठेवायचे. मग रविवारी मीराने विचारलं, जिंकलं कोण. मुलीला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. मंगळवारी मी धुळ्याला गेले.

रोहिणीने प्लेट माझ्या हातात दिली. रक्ताची लाल प्लेट, तिच्यावर ठिपके. मधोमध दबलेले, कॅरमच्या सोंगटीसारखे.

"रोज नव्या प्लेटवर घ्यावं लागलं, मॅडम," ती म्हणाली. "नाहीतर आपोआप मरून जातं."

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. आपोआप मरून जाणारा, आपला आपण विरघळणारा कोण, ते आपण दोघींनीच तिला शिकवलं होतं. तिला कळलं होतं, मला कळलं. पण चाचणी केल्याशिवाय कळलं असं म्हणायचं नाही, हेही आपणच शिकवलं होतं.

चाचणी साधी आहे, मुलांनो. पित्तातल्या क्षारांच्या पाण्याचा एक थेंब ठिपक्यावर टाकायचा. तोंडातला भाडेकरू असेल तर ठिपका तसाच बसून राहतो. न्यूमोकॉकस असेल तर विरघळून जातो.

रोहिणीने ड्रॉपर पुढे केला. "तुम्ही टाका."

मी तो घेतला आणि माझा हात थांबला. तू गेलीस, आणि हा रोहिणीच्या उबेत बसून रोज नव्याने उगवत होता. तुझ्या छातीतून आलेला, तुझ्यातला जिवंत राहिलेला एवढाच भाग. ज्याने तुला नेलं त्याचा राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, राग आला नाही. उलट प्लेट मी दोन्ही हातांनी धरली होती, नुकतंच जन्मलेलं मूल धरावं तशी. हे लिहिताना मला संकोच वाटतो आहे, पण तसंच झालं. तुझा मारेकरी आणि तुझी शेवटची खूण एकाच बशीत. यांना वेगळं करणारी चकती कुठे मिळते?

मी थेंब टाकला. रोहिणीने प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि चहा केला.

"प्रमिला मॅडम इथे यायच्या," ती म्हणाली. "दर आठवड्याला. म्हणायच्या, वाचून वाचून कंटाळा येतो, एखादी प्लेट दाखव."

"मला कधी बोलली नाही."

"झोन मोजायच्या. काठावरचा असला की हसायच्या. म्हणायच्या, कुमुद असती तर हे तेरा म्हणाली असती."

"आणि तिने चौदा लिहायला सांगितलं असेल."

"नाही, मॅडम." रोहिणीने कप खाली ठेवला. "म्हणायच्या, तेरा लिही आणि दुसरी चाचणी कर. पेशंटच्या बाबतीत कुमुदचंच धरायचं."

माझा चहा गार झाला. इतकी वर्षं, प्रमिला. म्हणजे कामाच्या वेळी तू गवत मोजत होतीस. चौदा फक्त माझ्यासाठी होते. माझ्यासमोर, माझ्याशी, मला बोलतं करायला. मग दवाखान्यातलेही चौदा तसेच का? की त्या एकदाच ते खरे होते? उत्तर मिळालं असं मला क्षणभर वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी ते हातातून निसटलं. पण सतरंजीवरची तू आणि मास्कमागची तू, तुम्ही दोघी एकच होतात, एवढं मला तिथे बसून जाणवलं. निरोप असेल तर तोही तू भांडणातच बांधून दिला असशील. तुला दुसरं बांधायला येत तरी काय होतं?

रोहिणीने प्लेट आणली. थेंब वाळला होता. ठिपक्यांच्या जागी काही नव्हतं. नुसता सपाट हिरवट डाग, कोणीतरी उठून गेल्यावर गादीवर राहतो तसा.

जंतू तू ओळखला होतास.

रोहिणी पेन घेऊन बसली. "मॅडम, झोन किती लिहू?" जुनी प्लेट, चकतीवाली, तिने फ्रीजमधून काढून माझ्यापुढे ठेवली होती. मी ती उलटी करून खिडकीपाशी धरली, मागून पट्टी लावली. तुझ्यासाठी चौदा म्हणावं असं फार वाटलं. एकाच मिलिमीटरचा तर प्रश्न होता. तुझ्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला, धुकं सोडून द्यायचा प्रयत्न केला. चष्मा पुसला आणि परत बघितलं. धुकं तिथेच होतं.

"तेरा लिही," मी म्हटलं. "आणि खाली लिही, पित्ताच्या क्षारांत विरघळला." दयेपोटी दिलेला एक मिलिमीटर तू माझ्या तोंडावर फेकला असतास.

परतीच्या एस. टी.त खिडकीशी जागा मिळाली. पारोळा मागे पडलं तशी मी बाहेरची शेतं बघत होते. कपाशी उभी होती, बांधावर गवत वाढलं होतं. पीक कुठे सुरू होतं आणि गवत कुठे संपतं, ते चालत्या गाडीतून काही केल्या नक्की दिसेना. शेजारी एक शेतकरी बाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. मी मोठ्याने बोलले असणार, कारण तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

"काय तेरा, अक्का?"

"काही नाही," मी म्हटलं. मग वाटलं, हिला सांगायला काय हरकत आहे. "गवत धरून तेरा होतात."

तिने गंभीरपणे मान हलवली. जमिनीचंच काहीतरी असेल असं तिला वाटलं असावं. मग थोडा विचार करून तिने विचारलं, "आन गवत नही धरं तर?"

तुझी बोली मला कधी जमली नाही. मी एखादा शब्द बोलायला गेले की तू दोन्ही कान झाकून घ्यायचीस. त्या बाईने कान झाकले नाहीत. ती उत्तराची वाट बघत होती.

"चौदा शे," मी म्हटलं.